उपासनेनंतरची दहा मिनिटं

वाचकाचं पत्र

पुणे परिसरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीतल्या ताईंनी लिहिलं आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून, थोडक्यात त्यांच्याच शब्दांत:

"आमच्या चर्चमध्ये रविवारी उपासना सुटली की आवारात चहा असतो. सोबत खारी किंवा बिस्किटं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) झाल्यावर प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांनी मिळून जेवण असतं. तीन वर्षांपासून महिला मंडळातर्फे हे मी सांभाळते. नवीन माणसं येतात: नोकरीसाठी आलेली जोडपी, हॉस्टेलची मुलं, नर्सेस, एक तेलुगू बोलणारं कुटुंब, कधी ख्रिस्ती नसलेलं एखादं माणूसही. तीन-चार रविवार दिसतात आणि मग येईनाशी होतात. कमिटीत कुणी म्हणतं, आजकालच्या लोकांना वेळ नाही. कुणी म्हणतं, ही माणसं गिटार-ड्रम असलेल्या मोठ्या फेलोशिपला जातात. चहावर खर्च कशाला, तो बंद करा, असंही एकदोघांचं मत आहे. मध्यंतरी एक नर्स मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती, ते माझ्या कानावर पडलं: 'इथं सगळे छान हसतात, पण तीन महिन्यांत मला कुणी नावानं हाक मारलेली नाही.' तेव्हापासून चैन नाही. नवीन आलेल्यांना उपासनेत उभं करून ओळख करून द्यावी का? काही भेट द्यावी का? पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) घेऊन घरी भेटीला जावं का? की आपण आपलं काम केलं, बाकी त्यांची इच्छा, असं समजावं?"

प्रिय ताई, सलाम.

ते वाक्य तुमच्या मनातून जात नाही, हे चांगलं झालं. अशी वाक्यं बहुतेक वेळा कुणाच्या कानावरच पडत नाहीत. माणूस येणं बंद करतो आणि त्याच्या न येण्याचं कारण आपण आपल्या सोयीनं ठरवतो. तुमच्या कमिटीनं सांगितलेली दोन्ही कारणं अशीच आहेत. ज्यांना वेळ नाही ती माणसं सुट्टीच्या एकुलत्या एका सकाळी दोन बस बदलून अनोळखी चर्चमध्ये येत नाहीत. आणि गिटारसाठीच जायचं असतं, तर ती आधी तुमच्याकडे आलीच नसती.

पत्रात तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, तिच्यापासून सुरुवात करते. चहा ठेवला म्हणजे स्वागत झालं, आता मिसळायचं ते नवीन माणसानं, असं तुम्हाला वाटतं. पण गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर कोण कुठे होतं, ते आठवून पाहा. पाळकसाहेब दाराशी हात मिळवत उभे. खजिनदार आणि मंडळीचा कारभार पाहणारे दोन पंच आत दान मोजायला बसलेले. गायनाची मुलं पेटी-तबला आवरतायत. संडे स्कूलच्या बाई मुलांना पालकांच्या ताब्यात देतायत. तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणी किटली, कप, गाळणं यांत. म्हणजे ज्यांना माणसांशी बोलता येतं, ते सगळे त्या दहा मिनिटांत कामात. उरलेले घोळका करून उभे, कुणाचा भाऊ, कुणाची जाऊ, कुणाचा शाळेतला मित्र. आठवडाभरानं भेटलेल्या माणसांनी गप्पा मारू नयेत असं मी म्हणणार नाही. पण घोळक्याला बाहेरून फक्त पाठी दिसतात. नवीन मुलगी चहाचा कप घेते, भिंतीवरची नोटीस वाचते, मोबाइल काढते, कप ठेवते आणि निघते. तिला कुणी वाईट वागवलेलं नाही. तिच्यासाठी कुणी मोकळं नव्हतं, एवढंच.

म्हणून पहिला बदल खर्चाचा नाही. दर रविवारी दोन माणसांना उपासनेनंतर कुठलंही काम देऊ नका. किटली नाही, दान मोजणं नाही, खुर्च्या नाहीत. दहा मिनिटं नवीन माणसांजवळ राहायचं, एवढंच त्यांचं काम. आणि ती निवडताना मंडळीतली मोठी नावं टाळा. शांत, ऐकून घेणारी माणसं हवीत. ज्यांना भाषण करायची सवय आहे ती नकोत. उरलेल्यांना पाळकसाहेबांनी उपासनेच्या शेवटी विनंती करावी, की पहिली दहा मिनिटं आपल्या नात्यातल्या माणसाशी बोलू नका, नातेवाईक अकराव्या मिनिटालाही तिथेच असतात. सुरुवातीला लोक हसतील. चौथ्या रविवारी हसणं थांबेल.

आता जरा अवघड भागाकडे येते. कुणीतरी नवीन माणसाशी बोलायला जातं, तेव्हा आपण काय विचारतो?

"आडनाव काय तुमचं?" "मूळचे कुठले?" "नगरचे का जालन्याचे?" "वडील कुठे होते नोकरीला?"

ह्या प्रश्नांमागे माया आहे, हे मला ठाऊक आहे. मी त्यांच्यातच वाढले. आपल्या मंडळ्या मिशनच्या गावांतून विणल्या गेल्या. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. नगर, राहुरी, वडाळा, जालना, सोलापूर, मिरज इथल्या शाळा, बोर्डिंगं आणि दवाखान्यांतून पिढ्यानपिढ्या सोयरिकी झाल्या. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाला "अगं बाई, तू आमच्या मामींच्या माहेरची!" असं निघतं, आणि ज्याच्या बाबतीत ते निघतं त्याचं त्या दिवशी जे स्वागत होतं त्याला तोड नाही. त्याला जेवायला नेतात, खोली शोधून देतात, मुलगी असेल तर स्थळही सुचवतात.

पण ज्याचं नातं निघत नाही, त्याच्याशी बोलणं तिसऱ्या प्रश्नालाच संपतं. "हो का, बरं बरं. या हं पुढच्या रविवारी." विचारणाऱ्याला वाटतं, आपण बोललो. ऐकणाऱ्याला कळतं, आपली तपासणी झाली आणि खातं निघालं नाही.

ह्याहून दुखरी गोष्टही लिहायलाच हवी. आपल्याकडे आडनाव आणि गाव ह्या जोडीतून बरंच काही वाचलं जातं. पणजोबा कुठल्या वस्तीतून ख्रिस्ताकडे आले, हे विचारावं लागत नाही, अंदाज बांधला जातो. प्रभूच्या मेजाशी जात नसते असं आपण मनापासून म्हणतो, आणि पंधरा मिनिटांनी चहाच्या टेबलाशी आडनाव विचारतो. विचारणाऱ्याच्या मनात काही नसेलही. पण ज्यानं शाळेत, कचेरीत, भाड्याचं घर शोधताना हाच प्रश्न झेलला आहे, त्याला तो चर्चच्या आवारातही तसाच ऐकू येतो. आपल्यातल्या अनेकांच्या पूर्वजांनी ज्यातून सुटका मागितली, ते आपण चहाच्या कपाबरोबर पुन्हा त्यांच्या नातवंडांच्या हातात देऊ नये.

तर मग आडनाव कधीच विचारायचं नाही का? तसं नाही. जालन्याकडून आलेल्या एखाद्या आजोबांना कुणीतरी गाव विचारावं अशी आसही असते. प्रश्न टाकून देऊ नका, मागे ठेवा. आधी नाव विचारा, फक्त नाव, आणि आपलं सांगा. मग आजचं विचारा. "आज कशा आलात, बस वेळेवर मिळाली का?" "राहायला कुठे सोय झाली?" "जेवणाचं काय करता?" शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याच्या उत्तरातून काहीतरी करता येतं. अविवाहित मुलीला लग्नाचं आणि जोडप्याला मुलांचं पहिल्या भेटीत विचारू नये, हे तुम्हाला सांगायला नको. पण मंडळीतल्या काही ज्येष्ठ भगिनींना प्रेमानं सांगावं लागेल, आणि ते काम तुम्हीच करू शकाल.

नवीन आलेल्यांना उपासनेत उभं करावं का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे: त्यांना आधी विचारल्याशिवाय नको. मी शाळेत शिकवत होते. बदली होऊन एका परक्या गावी गेले, तेव्हा तिथल्या मंडळीनं पहिल्याच रविवारी मला उभं केलं, नाव वाचलं, टाळ्या वाजवल्या. दीडशे माणसं वळून माझ्याकडे पाहत होती आणि मला साडीचा पदर कुठे ठेवावा कळेना. त्यानंतर सहा रविवार माझ्याशी कुणी दोन वाक्यांपलीकडे बोललं नाही. स्वागत झालेलं होतं ना! सातव्या रविवारी प्रीतिभोजनाचा स्वयंपाक चालला होता. मी दाराशी घुटमळत होते. एका म्हाताऱ्या बाईंनी मान वर न करता लसणाचं सूप माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "बैस, सोल एवढा." अर्ध्या तासात मला चार जणींची नावं, एकीच्या गुडघेदुखीचा इतिहास आणि भाजीवाला कोण चांगला हे कळलं. बदलीच्या गावात त्या दिवशी पहिल्यांदा मी घरी जाऊन रडले नाही.

हातात काम असलं की बोलणं सोपं होतं. डोळ्यांत डोळे घालून बसावं लागत नाही, मध्येच गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या वेळी पाहा. आलेल्याला कुणी नाव-गाव विचारत नाही, पण पोळ्या लाटायला किंवा भांडी घासायला बसायचं म्हटलं तर जागा मिळते. आपल्याकडे उलट होतं. नवीन माणूस कप धुवायला उठला की आपण "अहो, तुम्ही बसा, तुम्ही पाहुणे" म्हणतो. आदरानं म्हणतो, पण ह्या आदरानं तो कायमचा पाहुणा होऊन बसतो.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय तुम्ही अनेकदा ऐकला असेल. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागलं आणि कुरकुर झाली. प्रेषितांनी काय केलं? 'तुम्ही जरा मिसळा' असं त्या विधवांना सांगितलं नाही. वाटपासाठी सात जण निवडायला मंडळीला सांगितलं. त्यांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं, आणि शेवटचा तर अंत्युखियाहून आलेला, यहुदी धर्म स्वीकारलेला परका माणूस. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. तुमच्या चहाच्या टेबलामागे सध्या कोण उभं असतं? तीन वर्षं त्याच पाच जणी असतील, तर त्यांतल्या दोघींना विश्रांती द्या. एक जागा त्या तेलुगू कुटुंबातल्या बाईंना द्या. मराठी तोडकंमोडकं असलं तरी "साखर हवी?" एवढं विचारायला पुरतं, आणि महिन्याभरात तिला सगळी मंडळी ओळखू लागेल.

भेटवस्तूंच्या पाकिटावर पैसे घालू नका, असंच मी सुचवेन. त्यापेक्षा मंडळीतल्या एका घरानं रविवारी संध्याकाळी दोन मुलांना जेवायला बोलवावं. पुण्यात खाणावळी आणि मेस बहुतेक ठिकाणी रविवारी संध्याकाळी बंद असतात, हे हॉस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आठवड्यातली सगळ्यांत एकटी वेळ तीच. वरण-भात आणि अंड्याची पोळी पुरे, पाहुणचाराचा थाट नको. थाट केला की बोलावणारा दोनदाच बोलावतो.

घरी भेटीला जाण्याचंही असंच. पाळकसाहेब आणि चार पंच पूर्वसूचना न देता एखाद्या मुलीच्या पीजीच्या दारात उभे राहिले, तर घरमालकीण तिलाच प्रश्न विचारते. नर्सेसच्या हॉस्टेलवर तर आत सोडतही नाहीत. आपण त्यांच्याकडे जाण्याआधी त्यांना आपल्याकडे बोलवावं, आणि नंतर त्यांनी बोलावलं तर जावं. कुणी आजारी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डबा घेऊन जा.

ख्रिस्ती नसलेलं एखादं माणूस येतं, असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. त्याच्याबद्दल अधिक सांभाळायला हवं. ते घरी सांगून आलं असेल असं धरून चालू नका. प्रीतिभोजनाचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातात, तिथून कुठे कुठे जातात, आणि एखाद्याच्या घरात वादळ उठतं. नवीन माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, फोन नंबर वहीत लिहून घ्यायचा तर कशासाठी ते सांगायचं, आणि नको म्हटलं तर हसून वही मिटायची. प्रभुभोजनाच्या रविवारी शेजारी बसलेल्यानं हळूच सांगावं, की आता काय होणार आहे आणि जागेवर बसून राहिलं तरी कुणाला काही वाटणार नाही. त्यानंतरच्या जेवणाला मात्र त्याला आग्रहानं थांबवा. ते जेवण सर्वांचं आहे. आणि जेवताना त्याच्या विश्वासाची उलटतपासणी नको. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा बंधुसंघ सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही त्यात असावेत, ही त्यांची कल्पना होती. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच एका माणसाला एवढी जागा करता आली. आपल्याला सतरंजीवर थोडं सरकून बसता येईल.

सतरंजीवरून आठवलं. प्रीतिभोजन कसं वाढता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बुफे असेल, तर ज्याला ओळखी आहेत तो ताट घेऊन आपल्या माणसांत जातो आणि ज्याला नाहीत तो भिंतीशी उभा राहून खातो. शक्य असेल तर पंगत धरा. ज्या क्रमानं माणसं येतील त्या क्रमानं बसवा, घराघराचे गट करू नका. डाव्या-उजव्या बाजूला कुणीतरी असतंच. आणि पंगत सुरू करायची घाई नको. बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौल ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीवर रागावला होता तो ह्याच कारणानं: काही जण आधीच जेवून तृप्त व्हायचे आणि काही उपाशी राहायचे. उशिरा येणारे बहुधा राबणारी माणसं, दास असावेत, असं अभ्यासक मानतात. एकमेकांसाठी थांबा, असं पौल त्यांना सांगतो. तुमच्याकडे हॉस्पिटलची ड्युटी संपवून येणारी मुलगी उपासनेलाच उशिरा पोहोचत असेल, तिच्यासाठी एक ताट झाकून ठेवलेलं असावं.

"आजचा नाश्ता अमुक परिवारातर्फे, वाढदिवसानिमित्त" अशी घोषणा तुमच्याकडेही होत असेल. देणाऱ्याचे आभार मानावेतच. पण ते उपासनेतल्या प्रार्थनेत माना. चहाच्या टेबलाशी ती घोषणा झाली की नवीन माणसाला आपण दुसऱ्याच्या घरच्या कार्याला न बोलावता आल्यासारखं वाटतं.

आणि चहा बंद करायचा का? हा उपाय जुना आहे. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या लावदिकीया इथल्या धर्मसभेनं चर्चच्या इमारतीत प्रीतिभोजन घ्यायलाच मनाई केली होती. त्यानं गोंधळ थांबतो, हे खरं. पण उपासनेत सगळे समोर तोंड करून बसतात. एकमेकांकडे तोंड करायची वेळ ती तेवढीच असते. खर्च टोचत असेल तर खारी, बिस्किटं सोडा आणि नुसता चहा ठेवा. कमिटीला हिशोब हवाच असेल, तर चहाच्या खर्चापेक्षा महिन्यात किती नवीन माणसांची नावं आपल्याला कळली, ते वहीत लिहा.

एवढं करूनही काही जण येणार नाहीत. कुणाची बदली होईल, कुणाला घराजवळचं चर्च मिळेल, कुणाचं मन दुसरीकडे रमेल. त्याचं ओझं घेऊ नका. जाणाऱ्याला निरोप देता आला, पुढच्या गावातल्या एखाद्या ओळखीच्या घराचा पत्ता देता आला, तरी त्याचं इथलं येणं वाया गेलं नाही.

शेवटी तुमच्याबद्दल. तीन वर्षं दर रविवारी किटली तुमच्या हातात आहे. म्हणजे तीन वर्षं ती दहा मिनिटं तुम्हालाही मिळालेली नाहीत. तुमचं मूळ पत्र मी पुन्हा चाळलं. इथे आम्ही नावं काढून टाकतो, पण तुमच्या पत्रातही त्या मुलीचं नाव नव्हतं. "ती नर्स मुलगी" असंच तुम्ही चार वेळा लिहिलं आहे. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. येत्या रविवारी ती दिसली, की किटली शेजारणीच्या हातात द्या आणि तिच्याकडे जा. इतक्या उशिरा नाव कसं विचारायचं, असा संकोच वाटेल. "माझं चुकलं बाळा, इतके दिवस चहा दिला आणि नाव विचारलं नाही," एवढंच म्हणा. मग पुढच्या आठवड्यात तिची कुठली ड्युटी आहे, तेही विचारून घ्या, म्हणजे जेवायला कधी बोलवायचं ते ठरवता येईल.